कोणी म्हटलंच नव्हतं

तोंडात टाचण्या धरून गोरी गुडघ्यांवर बसली होती. समोर नवा झगा घालून गिऱ्हाईकबाई उभ्या, शेजारी दुकानाची मालकीण. झगा खाली लोळत होता, थोडा वर घ्यायचा होता. गोरीने घेराला हात लावला, तशा बाई मागे सरकल्या.

"त्या काळीला सांगा, हात लावू नकोस म्हणावं."

गोरीने मागे वळून पाहिलं. इस्त्रीवाली मावशी आतल्या खोलीच्या पडद्यामागून बाहेर आली असेल, असं तिला वाटलं. मागे कोणीच नव्हतं. आरसा होता, आणि आरशात टाचण्या धरलेली ती स्वतः.

बहिणींत उजळ, म्हणून लहानपणीच तिचं नाव गोरी पडलं होतं. सावळ्या धाकटीचं लग्न जमवताना वडिलांचे जोडे झिजले. हिला पहिल्याच घराने पसंत केलं. नवऱ्यामागून या परक्या देशात आली, तरी रंगाची काळजी ही दुसऱ्यांनी करायची गोष्ट होती.

"यांचं काहीतरी चुकतंय," तोंडातल्या टाचण्या काढत ती मालकिणीला म्हणाली. मालकीण गिऱ्हाइकाकडे बघून हसली आणि गोरीला डोळ्यांनीच पडदा दाखवला.

आत मावशी इस्त्री करत होती. तिच्या कैक पिढ्या याच गावात गेल्या होत्या.

"काय गं, आत कशी?"

"मला काळी म्हणाली. मला!" गोरीला हसू फुटलं. "तुम्हीच सांगा मावशी, मी काळी आहे का?"

मावशीने इस्त्री उभी केली. गोरीचा हात आपल्या हाताशेजारी धरून निरखला. "माझ्यापुढे नाहीस. तिच्यापुढे आहेस."

"असं कसं? काहीतरी एक असेल ना!"

"शाळेत जाईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. तिथे वेगळ्या बाकावर बसवलं, तेव्हा कळलं मी काळी ते. आता ते बाक गेले म्हणा. पण माझी आई याच खोलीत इस्त्री करायची, आणि मीही इथेच."

गोरीने खोलीभर पाहिलं. शिवणाऱ्या, काजं करणाऱ्या, सगळ्या मावशीच्याच रंगाच्या. रोजची ये-जा असूनही हे कधी डोळ्यांत भरलं नव्हतं. आपल्या हाताला सफाई आहे म्हणून आपण बाहेर, असंच ती धरून चालली होती.

तोच झगा घेऊन मालकीण आत आली. "मनाला लावून घेऊ नकोस. पण उद्यापासून आतच बस. आणि हा घेर तूच वर घे, दुसरीला जमायचा नाही."

"मग इतके दिवस मी बाहेर कशी चालले?"

मालकीण गोंधळली. खरोखरच गोंधळली. "तू... तशी वाटायची नाहीस. म्हणजे, कोणी म्हटलंच नव्हतं."

"आणि आता?"

"आता म्हटलं ना," म्हणत ती निघून गेली.

राग यायला हवा होता, पण कोणाचा ते गोरीला उमगेना. बाईंचा, मालकिणीचा, की आपल्या त्या मागे वळून बघण्याचा?

"मावशी, ती बोलली तेव्हा मला वाटलं, तुम्हालाच..."

"ठाऊक आहे," मावशी म्हणाली.

खिडकीजवळच्या स्टुलावर कपड्यांचा ढीग होता. तो तिने उचलला, ठेवायला जागा नव्हती म्हणून खांद्यावर घेतला, आणि उरलेल्या हाताने पुन्हा इस्त्री फिरवू लागली.

गोरी बराच वेळ उभीच राहिली. मग बसली.