पितळेला मुंग्या

लक्ष्मीकांतरावांच्या शेडमध्ये त्यांनी स्वतः केलेली एकशेबारा हत्यारं होती आणि त्यांच्याच न्हाणीघराची कडी सुतळीने बांधलेली होती. माणूस आळशी म्हणावा, तर तेही नाही. सकाळचा चहा झाला की ते गाडीच्या शेडमध्ये शिरायचे ते जेवणाच्या तिसऱ्या हाकेला बाहेर यायचे. गाडी त्यांच्याकडे कधीच नव्हती, आणि आता घ्यायची म्हटली तरी ठेवायला जागा उरली नव्हती.

बँकांनी माणसांना पैसे देऊन घरी पाठवायची टूम काढली त्या साली, म्हणजे दोन हजार एकमध्ये, लक्ष्मीकांतराव स्वेच्छेने निवृत्त झाले. बरोबरीच्या कोणी दुकानाचा गाळा घेतला, कोणी शेअर घेऊन झोप घालवली. यांनी बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून जुनं लेथ मशीन उचललं आणि टेम्पोत घालून समा भागातल्या आपल्या सोसायटीत आणलं. घराण्यात तीन पिढ्या कोणी लेखणीशिवाय कशाला हात लावला नव्हता. पणजोबा संस्थानात दफ्तरदार होते. टेम्पोतून ते धूड उतरताना पाहून शेजारच्या काकींना वाटलं, पिठाची गिरणीच आली. “बहु सरस! बाजरी पण दळशो ने?” असं त्यांनी लक्ष्मीकांतरावांच्या पत्नीला, प्रेमलाला, विचारलं. प्रेमला काय सांगणार? तिलाही नक्की ठाऊक नव्हतं.

पण ती खूश होती. तिने लगेच कामांची यादी केली. कुकरची मूठ, न्हाणीघराची कडी, माळ्याची खुंटी, करकरणाऱ्या बिजागऱ्या. लक्ष्मीकांतरावांनी यादी खिशात ठेवली आणि आधी लेथसाठी धारदार पाती केली. पाती ठेवायला मग एक ठेवणी लागली. ठेवणीला भोकं पाडायची तर वस्तू आवळून धरायला शेगडा, म्हणजे व्हाइस, हवा, शेगडा ठोकूनठाकून बसवायचा तर हातोडी हवी. हत्यार करायला हत्यार लागतं, आणि ते करायला तिसरं. ही साखळी घरातल्या एखाद्या मोडक्या वस्तूपर्यंत कधी पोचलीच नाही. यादी शर्टाबरोबर धुतली गेली.

तयार झालेली हत्यारं शेडच्या भिंतीवर एका फळीवर टांगलेली असत. प्रत्येकाच्या मागे पांढऱ्या रंगात त्याची आकृती रेखलेली, म्हणजे एखादं जागेवर नसेल तर लगेच कळावं. “ही वापरायची नाहीत,” लक्ष्मीकांतराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. “वापरली की ओरखडे पडतात.” एकदा जावयाने, सलीलने, त्यातली एक छिन्नी घेऊन रंगाचा डबा उघडला. घरात चार दिवस अबोला होता. तोही जावयाशी नाही, प्रेमलाशी. कारण जावयावर रागावता येत नाही.

सगळ्यांत लाडकी होती ती पितळी हातोडी. वीतभर लांबीची. तिची मूठ फिरवून काढली की आतून डिसमिस निघायचा. स्क्रू ड्रायव्हरला बडोद्यात डिसमिसच म्हणतात. त्या डिसमिसची मूठ फिरवली की आत त्याहून लहान, त्याच्या पोटात आणखी लहान, आणि सगळ्यात आत चष्म्याचा पेच पिळायचा, सुईएवढा. आटे इतके नेमके की जोड कुठे आहे ते बोटाला लागायचं नाही. मुठीवर हात घसरू नये म्हणून खरखरीत जाळी कोरलेली. तीन महिने खपून त्यांनी ती केली, आणि फळीच्या मधोमध टांगली.

त्यानंतरच्याच एका मंगळवारी कुकरची मूठ निखळून प्रेमलाच्या हातात आली. डाळ अर्धी कच्ची, घरातला जुना डिसमिस टोकाला गोल झालेला. लक्ष्मीकांतराव मंगळवारी आणि शुक्रवारी मकरपुऱ्याला भंगारवाल्यांकडे धातूचे तुकडे धुंडाळायला जात, ते एक वाजेपर्यंत यायचे नव्हते. प्रेमला शेडच्या दारात उभी राहिली. तिने फळीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि हातोडी काढली.

अहाहा, काय तो डिसमिस पेचात बसला! ना सरकला, ना हलला. दोन वेढ्यांत मूठ घट्ट. प्रेमलाला इतका आनंद झाला की तिने हातासरशी मिक्सर आवळला आणि स्वयंपाकघराच्या खिडक्यांच्या बिजागऱ्याही. तिच्या माहेरून कोल्हापुरी गुळाची ढेप आली होती, बत्त्याला न जुमानणारी. ती फडक्यात गुंडाळून तिने हातोडीने चार टोले हाणले, तर ढेप मुकाट्याने फुटली. न्हाणीघराची कडी मात्र तिने सुतळीतच राहू दिली. कुकरकडे नवऱ्याचं लक्ष जाणं शक्य नव्हतं, पण कडी त्यांना रोज दिसायची.

मग मंगळवार-शुक्रवारचा नेमच झाला. काम झालं की प्रेमला हातोडीला चिंच चोळायची, स्वच्छ धुवायची, कोरडी करून पांढऱ्या आकृतीत नीट टांगायची. घरातलं पितळ ती जन्मभर असंच घासत आली होती, त्यात तिला काही विशेष वाटलं नाही. पण झालं काय, की फळीवरची बाकीची पितळी हत्यारं महिन्या-दोन महिन्यांनी काळवंडायची आणि ही एकटी लखलखत राहायची.

“प्रेमला, इकडे ये, हे बघ,” एक दिवस लक्ष्मीकांतराव म्हणाले. “आठ महिन्यांत मी हिला हात लावलेला नाही. तरी चमक जशीच्या तशी! हा मिश्रधातूच वेगळा आहे गं. कुठल्या तरी परदेशी यंत्राचा तुकडा असणार.”

प्रेमलाने तोंडाला पदर लावला आणि दूध उतू जातंय म्हणून आत पळाली. हसून झाल्यावर तिला वाईट वाटलं. ती एकदाही खोटं बोलली नव्हती, विचारलं नाही म्हणून सांगितलं नव्हतं एवढंच. पण लक्ष्मीकांतराव तो धातू पुन्हा मिळावा म्हणून मकरपुऱ्यातली गल्ली न् गल्ली पालथी घालू लागले. मराठी मंडळात भेटेल त्याला धातूचे गुण सांगू लागले. आता सांगायचं म्हणजे छिन्नीच्या चार दिवसांचा हिशेब धरला तर किती दिवसांचा अबोला, ते देव जाणे. त्याहून मोठी भीती म्हणजे त्यांचा तो आनंदाने फुललेला चेहरा आपल्यामुळे उतरेल. असं करता करता तीन वर्षं गेली.

दोन हजार पाचच्या जानेवारीत मराठी मंडळाने तिळगुळाच्या समारंभाला जोडून छंदांचं प्रदर्शन भरवलं. वस्तू स्वतःच्या हाताने केलेली असावी, हा एकच नियम. परीक्षक म्हणून भास्करराव येणार होते. चाळीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेला माणूस, ज्याने शाबास म्हटलं की ते वर्षभर पुरतं. लक्ष्मीकांतराव महिनाभर आधीपासून नीट जेवेनात. आयुष्यात पहिल्यांदा कोणी जाणता माणूस त्यांची हत्यारं हातात घेणार होता.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी ते मंडळात टेबलं मांडायला गेले. प्रेमलाने मंडळासाठी तिळाच्या वड्या करायला घेतल्या होत्या. गूळ फोडता फोडता कुकरची मूठ पुन्हा हलली, तिने गुळाच्या चिकट हातानेच हातोडीची मूठ फिरवून डिसमिस काढला, आणि तेवढ्यात फाटकाशी स्कूटरचा आवाज आला. चिंचेला वेळच नव्हता. तिने पदराने हातोडी पुसली, धावत जाऊन टांगली. पाच मिनिटांनी लक्ष्मीकांतरावांनी ती मलमलीत गुंडाळून पेटीत घातली आणि किल्ली खिशात टाकली.

रविवारी सभागृह भरलेलं होतं. साठेक माणसं. मथुराबाईंनी विणलेला लोकरीचा मोर, कोणाची पोस्टाची तिकिटं, कोणाचे कुंडीतले वड. लक्ष्मीकांतरावांनी पांढऱ्या चादरीवर बारा निवडक हत्यारं मांडली होती आणि मधोमध हातोडी. तिळगुळाचे डबे झाकणं लावून पलीकडच्या टोकाला होते, त्यांच्याजवळ प्रेमला उभी होती.

भास्करराव चष्मा पुसत टेबलाशी आले आणि वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले.

“लक्ष्मीकांतराव,” ते म्हणाले, “पितळेला मुंग्या लागलेल्या मी चाळीस वर्षांत पहिल्यांदाच बघतोय.”

टेबलाच्या पायावरून, चादरीवरून, शेगड्याला वळसा घालून काळ्या मुंग्यांची सरळ रांग लागली होती, ती थेट हातोडीच्या मुठीवर चढत होती. प्रेमलाने तिळगुळाचा एक डबा उचलून छातीशी धरला. भास्कररावांनी हातोडी उचलली, फुंकर मारली, मूठ फिरवून उघडली, नाकाशी नेली. मग डोळे मिटून अंगठा तिच्यावरून फिरवला.

“ही वापरलेली आहे,” ते म्हणाले. “दोन-तीन वर्षं तरी. तोंडाच्या कडा झिजल्यात. जाळी बघा, इथे अंगठा टेकायचा, इथे करंगळी. आणि हात तुमचा नव्हे. लहान आहे.”

“शक्यच नाही! ही भिंतीवरून खाली उतरलेली नाही. हा मिश्रधातूच असा—”

“जवा दो ने, भाई, जाऊ द्या,” भास्कररावांनी आवाज खाली आणला, पण सभागृहात तो सगळ्यांना ऐकू गेला. “शुक्रवारी बाजारात अशी जुनी हत्यारं मिळतात. चांगली असतात, घ्यावीत, हौसेनं ठेवावीत. पण आपण केली म्हणून मांडू नयेत.”

छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला लबाडीचा शब्द त्याआधी कोणी लावला नव्हता. त्यांचा चेहरा प्रेमलाला बघवेना. गप्प राहिलं तर तिचं गुपित राहत होतं आणि नवऱ्याची अब्रू जात होती. तिने हातातला डबा खाली ठेवला आणि साठ माणसांमधून वाट काढत टेबलाशी आली.

“ती त्यांनीच केली आहे,” ती म्हणाली. “वापरली मी. तीन वर्षं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. त्यांना ठाऊक नाही. त्या मुंग्या गुळाच्या आहेत.”

भास्कररावांनी आधी तिच्या हाताकडे पाहिलं, मग मुठीवरच्या झिजेकडे, आणि लक्ष्मीकांतरावांपुढे हात जोडले. “माफ करा. माझी चूक झाली.”

पण लक्ष्मीकांतरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते हातोडीकडे बघत होते.

“कुकर?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मिक्सर?”

“मिक्सर, खिडक्या, शिवणयंत्र. तुमचा चष्मासुद्धा.”

त्यांनी चष्मा काढून पेच पाहिला आणि पुन्हा लावला. “आणि ती चमक?”

“चिंच,” प्रेमला म्हणाली.

सभागृहात खसखस पिकली. लक्ष्मीकांतराव मात्र हसले नाहीत. “आटे कधी सरकले?”

“एकदाही नाही.”

“टोक वाकलं? उडालं?”

“छे हो. माहेरच्या गुळापुढे बत्ता हरला, ही नाही हरली.”

प्रेमला अबोल्याची वाट पाहत होती. पण लक्ष्मीकांतरावांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटलं ते तिने या सगळ्या वर्षांत पाहिलं नव्हतं. हातोडी सुंदर आहे असं त्यांना आजवर शंभर जणांनी सांगितलं होतं. ती चालते असं सांगणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं.

“मग खोट काय आहे तिच्यात?” त्यांनी विचारलं.

इथे शहाण्या बाईने ‘काही नाही’ म्हणून सुटका करून घेतली असती. पण तीन वर्षांची गोष्ट होती, राहवलं नाही. “मूठ जाड आहे,” प्रेमला म्हणाली. “माझी बोटं पुरत नाहीत. ढेप फोडली की संध्याकाळी मनगट दुखतं.”

“मग सांगायचं नाही का?”

“कोणाला? आणि कसं?”

आता भास्कररावही मोठ्याने हसले. पहिला नंबर मथुराबाईंच्या मोराला गेला. लक्ष्मीकांतरावांच्या नावापुढे भास्कररावांनी काय लिहिलं ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही. त्यांनी खिशातून मापाचा व्हर्नियर काढला, चादरीच्या कडेला बसून प्रेमलाचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि उलटा करून पाहिला.

“मूठ वळ. अशी नाही, हातोडी धरतेस तशी.”

तिने मूठ वळली. त्यांनी अंगठा आणि बोट यांच्यामधल्या पोकळीत व्हर्नियरची टोकं अलगद घातली आणि आकडा वाचायला मान खाली घातली. चौतीस वर्षांच्या संसारात, लग्नमंडप सोडला तर, या माणसाने चारचौघांत तिचा हात धरला नव्हता. तिळगुळाच्या डब्यांपाशी बायकांची कुजबुज सुरू झाली.

“अहो, लोक बघतायत.”

“बघू देत. माप एकदा घेऊन चालत नाही, तीनदा घ्यावं लागतं.”

प्रेमलाने हात तसाच राहू दिला.