दोन घरचा पाहुणा

मी एक विषाणू बोलतोय. दचकू नका, आणि हात धुवायलाही धावू नका. मी हातावरून चढणाऱ्यांतला नव्हे. डासाच्या सोंडेशिवाय आपल्याला प्रवास जमत नाही. मी जीव आहे की नाही, यावर शहाण्यांचं अजून एकमत नाही. पण थाट बघा, पायी कधी चाललो नाही!

आमचं घराणं मूळचं रानातलं. पूर्वज माकडांत सुखाने नांदत होते. मग माणसांनी रान तोडलं, घरं बांधली, घराघरांत पाणी साठवलं. डासांच्या एका जातीला ते पाणी आणि ते साठवणारा माणूस, दोन्ही इतकी आवडली की तिने रानाकडे पाठच फिरवली. तिच्यासोबत आम्हीही आलो. या म्हणून कोणी बोलावलं नव्हतं, पण येऊ नका असंही कोणी म्हणालं नाही.

आता आमची खोड सांगतो. आम्ही आपल्याच नकला काढतो आणि काढताना चुकतो. लिहिलेलं पुन्हा तपासायची आमच्यात पद्धतच नाही! बहुतेक चुकलेल्या नकला जागच्या जागी मरतात. पण एखादी चूक अशी काही लागू पडते, की पुढे तीच घराणं चालवते. लोक म्हणतात, विषाणू हुशार झाला. कसली हुशारी? आंधळा कारभार नुसता.

त्यात आमचा संसार दोन घरांत. डासाच्या पोटात जो फोफावतो, तो माणसात गेला की गारठतो. माणसात जो माजतो, त्याला डासाचं पोट दारातच अडवतं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, ते आम्हाला विचारा! म्हणून फार बदलूनही चालत नाही. दोन सासवांची मर्जी सांभाळणाऱ्या सुनेसारखं जपून राहावं लागतं.

सध्या माझा मुक्काम एका सायकल मिस्तरींच्या रक्तात आहे. पुढे दुकान, मागे घर. माणूस टापटिपीचा. घरातलं पाण्याचं पिंप झाकलेलं, कुंड्या कोरड्या, आणि शेजाऱ्यांना सल्ले फुकट. पण दुकानातलं घमेलं? ट्यूब फुगवून त्यात बुडवायची, बुडबुडा आला की पंक्चर सापडलं. ते पाणी मिस्तरी कधी म्हणून बदलत नसत. आटलं की वर तांब्याभर ओतायचं. "जुनं पाणी शांत असतं," ते गिऱ्हाइकाला ऐकवत, "बारीकातलं बारीक भोक दाखवतं." त्यात अळ्या वळवळायच्या. त्यावर म्हणायचे, "पाणी जिवंत आहे आपलं!" दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

एकदा एक अंगात ताप असलेलं गिऱ्हाईक स्टुलावर येऊन बसलं. घमेल्यातच जन्मलेल्या एका डासिणीने त्याचं रक्त प्यायलं, आणि त्यासोबत आम्हीही गेलो. गेलो हजारोंनी, तिच्या पोटाची भिंत ओलांडली मोजक्यांनी. आठ-दहा दिवसांनी आम्ही तिच्या लाळेत पोचलो. आम्ही म्हणजे आमची नातवंडं-पतवंडं, पण आमच्यात एवढं कोण बघतंय! मग ती मिस्तरींच्या मानेवर बसली. फाडकन थप्पड! ती गेली बिचारी, पण तोवर मी आत. वरातीमागून घोडं.

मिस्तरी तापाने फणफणले. हाडं ठणकायला लागली. आणि घरात त्यांची लेक, दिवस भरत आलेली. माझी खरी नजर तिच्यावर होती. मध्ये फक्त एक डास हवा होता.

घरात मच्छरदाणी एकच, ती लेकीच्या खाटेवर. डॉक्टरीणबाई आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "ही जाळी काढा, यांना लावा."

"अहो, पोरीला उघडं टाकून ह्यांना?" मिस्तरींची बायको रडकुंडीला आली.

"डास सहसा ताप घेऊन जन्मत नाही, मावशी. तो यांच्याकडून घेणार आणि हिला नेऊन देणार. या दिवसांत हिला ताप आला तर दोन जीवांवर बेतेल. दुसरी जाळी आणाच, पण आधी यांना झाका. आणि दिवसासुद्धा, कारण हा डास दिवसा चावतो."

मी मनात म्हटलं, बाई, कोणी शिकवलं हो तुम्हाला एवढं?

मिस्तरी बिथरले. "भर दिवसा जाळीत बसू? मी काय झाकून ठेवलेलं दही आहे?"

"बाबा," लेक म्हणाली, "माझ्यासाठी नका बसू. जे यायचंय, त्याच्यासाठी बसा."

मिस्तरी गुपचूप जाळी उचलून आत शिरले.

तरी मी आशा सोडली नव्हती. जाळी जुनी होती. घमेल्यातून नुकत्याच निघालेल्या दोघी बाहेर घिरट्या घालत होत्या, आणि एकीला पायाकडचं भोक सापडलं. ये बाई, ये! तेवढ्यात मिस्तरी उठून बसले. भोक शोधणाऱ्या डोळ्यांना तापातही ते दिसलंच.

"अगं, माझा डबा दे. सोल्युशन आणि रबराचा तुकडा."

"अहो, ताप चढलाय, आणि तुम्ही जाळीचं पंक्चर काढताय?"

"मग काय गळती ठेवू?" त्यांनी तुकडा चिकटवला आणि वर अंगठा दाबून धरला. मग वैतागून म्हणाले, "हे डास येतात तरी कुठून?"

लेक दारातून दुकानाकडे बघत राहिली. मिस्तरींनीही तिकडे बघितलं. समोर घमेलं. त्यातलं पाणी वळवळत होतं.

"एवढी वर्षं जपलं मी ते," ते बायकोला म्हणाले. "माझ्याच नातवंडाच्या जिवावर उठणारं पाळलं की गं! ओत ते. घासून ठेव."

"उद्या सकाळी ओतते, आत्ता तुम्ही पडा," बायको म्हणाली.

"उद्या नाही. आत्ता."

रस्त्याकडेच्या तापलेल्या मातीवर पाणी सांडलं, आणि घमेलं पालथं झालं.

आता मिस्तरींच्या रक्तातले शिपाई मला ओळखू लागलेत. आमचे फार थोडे उरलेत. ताप उतरलाय. लेक खाटेशी बसते, बाहेरून जाळीवर तळवा टेकवते, आतून ते आपला टेकवतात. तिच्यात आणि माझ्यात अंतर फक्त जाळीच्या दोऱ्याएवढं. इतक्या जवळ येऊन मी कधी हुकलो नव्हतो.

जाता जाता एक विनंती. तुमच्याकडेही फ्रिजमागे, कुंडीखाली कुठेतरी थोडं पाणी साचलेलं असेलच. राहू द्या हो तसंच. कामाची माणसं तुम्ही, म्हणा, "उद्या ओतू." आमचं घराणं आजवर त्या एका उद्यावरच तर चाललंय.

मिस्तरी तेवढे "आत्ता" म्हणाले, आणि मी संपलो.