चोविसावा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना उधारीचा पुठ्ठा आहे. नाकं मुरडू नका! उधारी म्हटलं की लोकांची तोंडं वाकडी होतात, हे मला ठाऊक आहे. पण माझ्यावर एका पैशाचंही व्याज कधी चढलं नाही, आणि ही गोष्ट मी मान वर करून सांगतो. माझा रंग एके काळी गुलाबी होता. आता तो पार उडाला आहे. सोजराबाईच्या घरी चहाच्या रिकाम्या डब्यात मी राहतो.

माझा जन्म १९७५ साली कळमनुरीच्या एका छापखान्यात झाला. एकाच मोठ्या कागदातून आम्ही पन्नास भावंडं कापली गेलो. प्रत्येकाच्या पोटावर चोवीस चौकोन आणि पाठीवर नियम. जवळा बाजारच्या उत्तमरावांनी आम्हाला छापून घेतलं होतं. त्यांचं किराणा, भांडी, कापड असं सगळ्याचं दुकान होतं. ते मला ‘कार्ड’ म्हणत. सोजराबाई मात्र पहिल्या दिवसापासून पुठ्ठाच म्हणाली.

नियम सोपे होते. महिनाभर सामान उधार न्यायचं, निदान वीस रुपयांचं. महिनाअखेर हिशेब बंद व्हायचा. पुढच्या दहा तारखेच्या आत सगळे पैसे भरले तर व्याज नाही, उलट एका चौकोनात निळा शिक्का. चोवीस शिक्के झाले की पितळेचा हंडा फुकट. पण एकदा जरी दहा तारीख चुकली, तर व्याज सुरू आणि आधीचे सगळे शिक्के लाल पेन्सिलीनं रद्द.

सोजराबाई शाळेत शिपाई होती. नवरा जळबा वारला तेव्हा त्याच्या जागेवर ती लागली. तिला वाचता येत नव्हतं. तिची मुलगी पेमा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती. तिनंच माझी पाठ मोठ्यानं वाचून दाखवली. ‘पितळेचा हंडा’ हे शब्द आले तशी सोजराबाई म्हणाली, “पुन्ना वाच बरं.”

तिला हंड्याचं एवढं काय, असं तुम्ही विचाराल. सांगतो. सोजराबाई लग्न होऊन आली ती हंड्याशिवाय. शेजारच्या नानीबाईचा हंडा मागून ती पाणी भरायची. एकदा पाणी निम्मं भरून झालं होतं, तेवढ्यात नानीबाई दारात आली आणि म्हणाली, “सोजरा, आमचा हंडा दे. आमाले पाणी भरायचंय.” घरातल्या पातेल्यांत, ताटांत, मिळेल त्यात पाणी ओतून सोजराबाईनं हंडा परत केला. लहानगी पेमा ते बघत होती. त्या दिवसापासून तेलाच्या पत्र्याच्या डब्यानं पाणी यायला लागलं. त्या डब्याच्या काठानं पेमाचा तळहात कापला, त्याचा वण अजून आहे. तेव्हाच सोजराबाईनं मनाशी ठरवलं की आपली लेक सासरी जाईल ती स्वतःचा हंडा घेऊन जाईल.

पण पहिल्याच महिन्यात बाईनं घोळ घातला! एप्रिलच्या दोन तारखेला बावीस रुपयांचं सामान उधार आणलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे देऊन मोकळी. म्हणाली, “कुनाचं देनं डोक्यावर असलं की मले घास गिळत न्हाई.” मे महिन्यात मोठ्या ऐटीत मला घेऊन ती शिक्का मारायला गेली. उत्तमरावांनी वही उघडली आणि त्यांना हसू आवरेना.

“बाई, तुमी तं लगेच पैसे दिले. मंग ही रोखीची खरेदी झाली. महिनाअखेर खात्यावर काहीच न्हाई, शिक्का कशाचा मारू?”

“वा रे न्याव! लवकर देनारा येडा का मंग?”

“येडा न्हाई, पन हंडा मिळायचा न्हाई,” उत्तमराव म्हणाले.

त्या महिन्याचा शिक्का गेला तो गेलाच. पण सोजराबाई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिनं आपली रीत बसवली. जे सामान एरवी रोखीनं घेतलंच असतं तेवढंच उधार आणायचं. तेल, मीठ, गूळ, चहापत्ती, साबण. आणि ज्या दिवशी आणलं त्याच दिवशी तेवढे पैसे पगारातून काढून चहाच्या डब्यात टाकायचे. मग मला त्या पैशांवर ठेवून ती दम द्यायची, “ध्यान ठेव रे पुठ्ठ्या! हे आपले न्हाईत, उत्तमरावाचे हायेत.” मी ध्यान ठेवायचो. दुसरं करणार तरी काय, डब्यात होतो ना!

तिला हे सोपं नव्हतं, मित्रांनो. पैसे घरात आहेत आणि देणं फेडायचं नाही, याची तिला महिनाभर खाज सुटायची. शाळेतून आली की आधी डब्याचं झाकण उघडून बघायची. एखाद्या महिन्यात वीस रुपये भरत नसले तर ती पुढच्या महिन्याचं तेल-मीठ आधी आणून ठेवायची. भलतंसलतं कधी आणलं नाही.

शेजारच्या पद्माबाईकडे माझंच एक भावंड होतं. त्याला अकरा शिक्के झाले होते. एका महिन्यात वीस रुपयांची खरेदी व्हायला सात रुपये कमी पडले, तर पद्माबाईनं शिक्का चुकू नये म्हणून पावडर, बांगड्या आणि वर एक लुगडंही आणलं. लुगडं आणलं म्हणून दुकानात तिचा केवढा मान झाला! पण दहा तारखेला पैसे कुठून आणणार? अकराच्या अकरा शिक्के लाल पेन्सिलीनं गेले आणि व्याज बसलं ते वेगळंच. माझं ते भावंड पुढे चुलीत गेलं. मला फार वाईट वाटलं. त्यात त्याची काहीएक चूक नव्हती.

एक एक करत माझे चौकोन भरत गेले. शिक्का बसला की पेमा मला हातात घेऊन मोजायची. तिच्या तळहाताचा तो वण मला लागायचा. मला तो स्पर्श फार आवडायचा. त्याची आठवण आली की आजही जीव कासावीस होतो.

आणि १९७७ साली पेमाचं लग्न ठरलं. हट्टा गावचा नरसिंग, गवंडीकाम करणारा, मोठा सालस मुलगा. लग्न भीमजयंतीनंतर आठ दिवसांनी. सोजराबाईनं मला समोर धरलं आणि पेमाला मोजायला लावलं. तेवीस! पहिल्या महिन्याचा तो शिक्का चुकला नसता तर चोवीस झाले असते. आता चोविसावा मिळणार होता मे महिन्यात, म्हणजे लग्नानंतर.

सोजराबाई दुकानात गेली. आयुष्यात ती कुणाला गयावया करत नसे, पण त्या दिवशी तिनं केली. “उत्तमराव, एकच शिक्का कमी हाय. लेकीचं लगीन हाय. हंडा आधी द्या.”

“बाई, तुमची तकलीफ समजते मले. पन तुमाले सूट दिली तं साऱ्या बाजाराले द्यावी लागंल. असं करा, हंडा आजच न्या. नव्वद रुपये खात्यावर टाकतो. सहा महिन्यांत फेडा, व्याज लावून.”

त्यांनी हंडा खाली काढला. सोजराबाईनं त्याच्या पोटावरून हात फिरवला. लग्नाच्या खर्चात तिच्याजवळ नव्वद रुपये उरले नव्हते. दहा तारखेला ते भरता येणार नव्हते, म्हणजे माझे तेवीसही शिक्के जाणार होते. मी तिच्या मुठीत होतो. तिनं हंड्यावरचा हात काढून घेतला.

“दोन साल म्या ज्याच्यासाठी व्याज लागू देलं न्हाई, तोच हंडा आता व्याजानं नेऊ? न्हाई, उत्तमराव. ठेवा वर.”

घरी येऊन मात्र ती पदर तोंडाला लावून खूप रडली. पेमा म्हणाली, “आई, काहून रडून राहिलीस? हंड्याबिगर काय नांदता येत न्हाई का? तू न्हाई नांदलीस?” आणि पेमा हंड्याशिवाय सासरी गेली. घर एकदम मोठं वाटायला लागलं. मला मोजणारं कुणी राहिलं नाही.

मेच्या एक तारखेला, हिशेब बंद झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोजराबाईनं पैसे भरले आणि माझा चोविसावा चौकोन निळा झाला. उत्तमरावांनी माझा एक कोपरा कापला, म्हणजे माझं काम संपलं. तिनं मला मागून घेतलं. “लेकीले दाखवायचाय,” म्हणाली.

हट्ट्याच्या एस.टी.त ती हंडा मांडीवर घेऊन बसली होती आणि मी तिच्या कमरेच्या बटव्यात होतो. कंडक्टर म्हणाला, “मावशी, खाली ठेवा की.” तिनं ऐकलं नाही. पेमा दारातच भेटली. हंडा बघून हरखली, मला मोजलं, चोवीस भरले. मग आईकडे बघून तिनं विचारलं, “तू पानी कशात भरतीस?”

सोजराबाई पदरानं हंडा पुसत राहिली.

“त्या पत्र्याच्या डब्यातच ना? आई, माझ्या सासरी दोन हंडे हायेत. हा तू ने. घरी भरून ठेव. मी आले का ह्यातलंच पानी पेईन. मी येतच जाईन की.”

खूप वाद झाला. शेवटी हंडा पुन्हा एस.टी.त बसला, पुन्हा मांडीवरच.

त्याला आता दोन वर्षं होत आली. पेमा सुरुवातीला आली, दोनदा-तीनदा. मग बाळ झालं, नरसिंगचं काम कधी या गावाला कधी त्या गावाला, यायला जमेना. दोष कुणाचाच नाही. सोजराबाई दर शनिवारी चिंचेनं हंडा घासते, रविवारी सकाळी भरते आणि वर स्वच्छ फडकं झाकते, कारण शाळेला सुट्टी असलेल्या दिवशी लेक येईल असं तिला वाटतं. दुपारची एस.टी. येऊन जाते. संध्याकाळी ती ते पाणी दारातल्या लिंबाच्या रोपाला घालते. डब्यातल्या फटीतून मला सगळं ऐकू येतं. मग ती झाकण उघडते आणि म्हणते, “न्हाई आली रे पुठ्ठ्या.”

मित्रांनो, दुकानाचं देणं कसं फेडावं ते मी तुम्हाला सांगितलं. घेतलं त्याच दिवशी पैसे बाजूला काढा, बक्षिसाच्या नादानं नको ते घेऊ नका आणि तारीख चुकवू नका. पण आईच्या घरी जाण्याची तारीख कुठल्याच पुठ्ठ्यावर छापलेली नसते. ती चुकली तर लाल पेन्सील घेऊन कुणी येत नाही, म्हणून ती फार लवकर विसरली जाते.

तुमच्यापैकी कुणी हट्ट्याला जात असेल तर नरसिंग गवंड्याचं घर विचारा आणि पेमाला माझा निरोप सांगा. म्हणावं, आज रविवार आहे, आणि हंडा भरलेला आहे.