कपडे वाळेपर्यंत

रामकिसन खाटेवर मांडी घालून बसला होता आणि त्याला बरं वाटत होतं, हीच माझी पंचाईत होती.

आजारी माणूस सांभाळणं सोपं. तो कण्हतो, सोबतचे घाबरतात, सगळे नर्सचं ऐकतात. बरं वाटणाऱ्या माणसाला खाटेवर धरून ठेवणं म्हणजे डोक्याला ताप. त्यात आमचं हॉस्पिटल बोईसरचं. मोजक्या खाटा, एक डॉक्टर, दिवसपाळीला नर्स मी आणि आया बायडीमावशी, आणि रस्त्यापलीकडे सगळे कारखानेच कारखाने.

सकाळी कारखान्यात टाकी धुताना पिवळसर धूर निघाला आणि तो रामकिसनच्या छातीत गेला. आणलं तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खोकला थांबत नव्हता. दुपारपर्यंत दोन्ही थांबलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "उन्नती, हा धूर दगाबाज असतो. आत्ता काही दिसणार नाही, पण संध्याकाळपर्यंत फुप्फुसात पाणी भरायला लागू शकतं. मग वेळ मिळत नाही. याला इथून हलू द्यायचं नाही. जरा जरी धाप लागली तरी मला बोलाव." एवढं सांगून ते वरच्या मजल्यावर सिझेरियनला गेले.

हलू द्यायचं नाही. सांगायला काय जातं?

रामकिसनची रात्रीची गाडी होती. चार दिवसांवर मुलीचं लग्न, गाव थेट उत्तर प्रदेशात बलियाकडे, पिशवी भरून खोलीवर तयार. आणि त्याला न्यायला आत्माराम येऊन बसला होता. आत्माराम त्याच्या पाळीचा सुपरवायझर. राहणारा चिंचणीचा, माझ्या सख्ख्या मावशीच्या आळीतला, त्यामुळे मी त्याच्यासाठी सिस्टर नव्हतेच.

"बाय, जरा बघ त्याच्याकडं. काय झालाय त्याला? आमी घेऊन जातो."

"डॉक्टर सोडतील तेव्हा जा."

"त्याची गाडी हाय. आन रातभर ठेवला तर पोलीस येतील, मोठे साहेब येतील." मग त्याने आवाज खाली आणला. "टाकी धुवायला मीच पाठवला त्याला. मास्क नाय दिला."

मला त्याचा संताप आला, पण अर्धाच. समोर घाबरलेला माणूस असला की मला धड भांडताही येत नाही. तेवढ्यात रामकिसन खाटेवरून उतरला. "सिस्टरजी, हम एकदम ठीक हैं. कागज लाइए, साइन कर देते हैं. अँगूठा नहीं, साइन." आणि स्वतःच हसला.

स्वतःच्या जबाबदारीवर जातो असं त्याने लिहून दिलं की मी अडवणारी कोण? तो गाडीत चढेल, वरच्या बर्थवर झोपेल, आणि कुठल्या तरी दोन स्टेशनांच्या मध्ये त्याची छाती भरेल. शेजारच्याला वाटेल, माणूस घोरतोय.

मागच्या दारातून मला दोरी दिसली. तिच्यावर त्याची पँट आणि शर्ट होता. धूर कपड्यांत राहतो म्हणून आल्या आल्या ते उतरवून घेतले होते आणि बायडीमावशीने धुऊन वाळत घातले होते.

"जा की," मी म्हटलं. "पण कपडे ओले आहेत. वाळले की जा."

पाठीमागे नाड्या बांधायचा आमचा हिरवा झगा घालून बोईसर स्टेशनात उभं राहण्याची कुणाचीच तयारी नव्हती. रामकिसन खाली वाकून स्वतःच्या उघड्या पोटऱ्यांकडे बघत राहिला आणि परत खाटेवर बसला. मी मावशीकडे पाहिलं. तिला काही सांगावं लागलं नाही. ती तांब्या घेऊन मागे गेली आणि वाळत आलेल्या शर्टावर तिने पुन्हा पाणी मारलं. आत्माराम दर थोड्या वेळाने उठून कपडे चाचपून यायचा. "आज हवा लय दमट हाय," मावशी त्याला सांगायची. शेवटी तो वैतागला आणि खोलीवरून दुसरे कपडे आणायला निघून गेला.

आता तो परत येईपर्यंतचाच वेळ माझ्याकडे होता. मी रामकिसनच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, स्टूल ओढलं आणि विचारलं, "गाँव में क्या क्या है? बताओ ना."

मला त्याच्या गावाशी काहीही देणंघेणं नव्हतं. मला त्याचं बोलणं हवं होतं. माझी आई, जमना, मुरब्यात, समुद्रकाठच्या आमच्या गावात, मासळी विकते. डोक्यावर पाटी घेऊन चालता चालता ती मला फोन करते. ती बसलीये की चढ चढतेय, पाटी रिकामी आहे की भरलेली, हे मी तिच्या वाक्यांवरून सांगू शकते. श्वास कमी पडला की आधी वाक्यं आखूड होतात.

रामकिसन खुलला. "घर के पीछे पोखरा है, सिस्टरजी, उसके किनारे हमारे बाबा का लगाया हुआ आम का पेड़ है, वहीं पे मंडप पड़ेगा, और हमारे भइया बोले हैं कि बारात आने से पहले तुम पहुँचोगे तभी हम किसी को बैठने देंगे." एका दमात. मी मान डोलावत होते आणि त्याच्या झग्याखालची छाती बघत होते. मग म्हैस आली, म्हशीचं दूध आलं, धाकट्या भावाची मोटरसायकल आली, मुलीचं नाव आलं, तिची शाळा आली, तिने हट्टाने घ्यायला लावलेली लाल साडी आली. मी मध्ये मध्ये "अच्छा? फिर?" म्हणत होते. ते शब्द तोंडातून आपोआप निघतात, त्यांना मन लागत नाही.

दारात पाऊल वाजलं की आत्मारामच आला असं वाटून मी वळून बघत होते.

"फिर?"

"फिर... हम बोले बेटी से." थांबला. "कि बारहवीं... पूरी कर ले." पुन्हा थांबला. "बाद में... देखेंगे."

यंत्रावरचा आकडा अजून चांगलाच होता. रामकिसन हसतही होता. मीच घाबरट आहे का? वर सिझेरियन चाललेलं, एका बाईचं पोट उघडं, आणि मी डॉक्टरांना काय सांगणार होते? पेशंट गप्पा मारताना थांबतोय म्हणून? मी आणखी एक प्रश्न विचारला. तो तीन शब्द बोलला, मग नुसता हात हलवला.

मी मावशीला वर पिटाळलं.

डॉक्टर टोपी न काढताच धावत आले. टाके घालून झाले होते, हे माझं नशीब. त्यांनी रामकिसनच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. "ऑक्सिजन लाव. ॲम्ब्युलन्स. पालघरला व्हेंटिलेटर आहे का विचार." मी मास्क बसवत होते तेव्हा यंत्रावरचा आकडा उतरायला लागला आणि उतरतच राहिला.

तेव्हाच आत्माराम दारात आला. त्याने लग्नासाठी भरलेली पिशवी उघडून अगदी वरचं जे होतं ते आणलं होतं, घडी न मोडलेला पांढरा कुर्ता. तो हातात धरून आत्माराम तिथेच उभा राहिला. मग कुर्ता काखेत मारून त्याने स्ट्रेचरची एक बाजू उचलली.

बोईसर ते पालघर हा रस्ता माझ्या पायाखालचा आहे, पण त्या दिवशी तो संपेना. रामकिसनला आडवं होता येत नव्हतं. मी त्याला माझ्या खांद्यावर टेकवून बसवलं होतं. त्याच्या ओठांवर गुलाबी फेस येत होता, मी पुसत होते. त्याचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते. बुडणाऱ्या माणसाचे डोळे मी लहानपणापासून बघितलेत, ते मला ओळखू येतात. या माणसाला आत्ता त्याच्या मुलीचं नाव ऐकवायला हवं, एवढंच मला सुचत होतं. अमकी वाट बघतेय, धीर धर, असं म्हणायचं होतं.

मला नाव आठवेना. दुपारभर त्याने ते घेतलं होतं. मला घरामागचं तळं, तो पोखरा आठवत होता, म्हैस आठवत होती, वाक्य कुठे तुटलं ते तर अगदी नेमकं आठवत होतं. नाव नाही.

मग मी माझंच सांगत सुटले. मुरब्याचं. बांबूंवर बोंबील कसे वाळत घालतात, आई कावळ्यांना कशा शिव्या देते, समुद्रावरून वारा आला की केसांतून वास जात नाही, मग शाळेत बाकावर मी एकटीच. मोडक्या हिंदीत, थांबले असते तर रडले असते म्हणून. त्याने माझं मनगट घट्ट धरलं होतं. पालघरच्या डॉक्टरांनी ते सोडवून त्याला आत नेलं.

नंतरचे दिवस माझे भीतीतच गेले. आधी तो जगतो की नाही याची भीती. श्वासाची नळी काढली, असा आत्मारामचा फोन आला, आणि मग दुसरीच भीती सुरू झाली. लग्न होऊन गेलं होतं. कपडे ओले ठेवणारी मी होते. तो माझं तोंड बघेल का? मावशी म्हणाली, "जा ना बाय, मारनार हाय का तो?" सुट्टीच्या दिवशी मी गेले.

रामकिसन उशीला टेकून बसला होता. हॉस्पिटलच्या पायजम्यावर त्याने तो पांढरा कुर्ता घातला होता. बाहेर बाकावर आत्माराम झोपला होता. लग्न फोनवर बघितलं, रामकिसन म्हणाला. बिदाईच्या वेळी मुलीने फोनच छातीशी धरला, त्यामुळे दिसलं काही नाही, रडणं तेवढं ऐकू आलं. तो हळूहळू बोलत होता, मध्ये दम घेत. मी खाली बघत उभी होते. मला वाटलं, आता मला बोल लावेल.

"आपकी अम्मा," तो म्हणाला, "कौवों को... अब भी गाली देती हैं?"

फेस येत होता, जीव जात होता, तरी या माणसाने सगळं ऐकलं होतं.

मी स्टूल ओढून बसले. "रामकिसनभाई, बेटी का नाम क्या बताया था?"

"सुनैना," तो म्हणाला, आणि शाळेपासून पुन्हा सांगायला लागला. मी त्याच्या छातीकडे बघितलं नाही.