चाळिसावी फुंकर

जे आपल्या मांडणीत बसत नाही ते वगळण्याची मुभा शास्त्र माणसाला देते. ते का बसले नाही हे विचारण्याचे ओझे मात्र त्याच्याच अंतःकरणावर ठेवते.

कलावतीने तिसऱ्यांदा छाती भरून श्वास घेतला, श्वासाची ताकद मोजायची नळी ओठांत धरली आणि जोराने फुंकर मारली. नळीवरचा लाल काटा थोडासा पुढे सरकून थांबला. तिला खोकल्याची उबळ आली. पदर तोंडाला लावून ती भिंतीला टेकली.

"आई, नीट फुंक ना. केकवरची मेणबत्ती नाहीये ही."

"अगं, होती तेवढी दिली."

वर्षालीने आकडा वाचला, नळी उजेडात धरून पुन्हा वाचला. एकशे सत्तर. बावन्न वर्षांच्या, पाच फूट उंचीच्या स्त्रीकडून याच्या दुपटीहून अधिक अपेक्षित होते.

खाटेवर बसलेला कलावतीचा नवरा महिपत हसला. "ती घरात बसून दमते गं. मी सव्वीस वर्षं रंगाच्या पावडरीत काढली, माझं बघ."

गेल्याच आठवड्यात त्याने काटा चारशेवीसपर्यंत नेला होता. जिना चढताना धाप लागे त्या प्रत्येक वेळी 'घरात बसून दमते' हे वाक्य कलावतीने ऐकले होते.

मानपाड्याच्या त्या चाळीत बहुतेक घरांतला एक तरी माणूस रंगाच्या कारखान्यात होता. वर्षाली कल्याणच्या एका महाविद्यालयात नर्सिंगच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या अखेरच्या वर्षाला होती आणि तिच्या प्रबंधाचा प्रश्न सरळ होता: कारखान्यातले काम हे स्वतंत्र चल, श्वासाची ताकद हे आश्रयी चल, पहिल्याने दुसरे किती घटते? त्यासाठी एका बाजूला चाळीस कामगार होते आणि दुसऱ्या बाजूला कारखान्याची पायरीही न चढलेली चाळीस माणसे. बाहेरची हवा दोघांना सारखीच असावी म्हणून ती माणसे मुद्दाम त्याच चाळींतून निवडली होती. दुपारी घरी भेटत त्या बहुतेक बायकाच. चाळिसावी बाई आयत्या वेळी गावी गेली, म्हणून वर्षालीने आईला बसवले होते.

हे सारे तिने आईला चहा करता करता समजावले होते.

"म्हणजे पत्ती किती टाकली ते एक, अन् चहा किती कडू झाला ते दुसरं," कलावती म्हणाली होती. "एवढ्यासाठी दोन वर्षं कॉलेज?"

दुसऱ्या दिवशी मार्गदर्शिका वैशाली मॅडमनी तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर पेन्सिल टेकवली.

"हे एकच रीडिंग फार खाली आहे. दम्याची हिस्ट्री असेल. विचार, कारण लिही आणि वगळ."

"मॅडम, ती माझी आई आहे."

"मग तर वगळच. घरचं माणूस घ्यायलाच नको होतं आपण."

"अजून दहा बायकांचीपण कमी आलीत."

"इतकी नाहीत गं. वय असतं, फोडणीचा धूर असतो." मॅडमच्या स्वरात कठोरपणा नव्हता. "सोमवारी प्रबंध बांधायला गेला नाही, तर तुझं वर्ष जाईल. तेवढं लक्षात ठेव."

संध्याकाळी वर्षाली वही घेऊन स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहिली. वगळण्याचे कारण लिहायला तिने एक ओळ मोकळी सोडली होती.

"आई, लहानपणी दमा होता तुला?"

"कुठला दमा? गावाला विहिरीवरून दोन हंडे घेऊन चढ चढायची मी. तुझी मावशी मागं राहायची."

"मग धाप कधीपासून लागते?"

"तू पाचवी-सहावीत असशील. वय झालं की लागतेच."

वर्षालीने हिशेब केला. तेव्हा आईचे वय पस्तिशीच्या आसपास असावे.

कलावतीने दोरीवरून महिपतचा सदरा ओढला, मोरीत गेली आणि आतून दार लावून घेतले. आतून कोरडे कापड झटकल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. मग खोकला. मग दार उघडले आणि नळ सुरू झाला.

"दार कशाला लावलंस?"

"झटकायला."

"बाबा रिटायर होऊन तीन वर्षं झाली. आता काय असतं त्यात?"

कलावती हातातल्या सदऱ्याकडे पाहत राहिली आणि ओशाळून हसली.

"हाताची सवय बघ. आधी गॅलरीत झटकायचे. पण पावडर उडून शेजारच्या भीमाबाईच्या वाळवणावर बसायची. निळे पापड काय तुझ्या नवऱ्याला घालू, म्हणून भांडायला यायची. तिचंही खरंच होतं. मग दार लावून घ्यायला लागले. अन् न झटकता भिजवावं, तर अख्खी बादली निळी. तुझा शाळेचा पांढरा शर्टपण त्यातच असायचा."

"रोज झटकायचीस?"

"कारखान्याची सुट्टी सोडून."

"आणि तोंडाला काही बांधायचीस?"

"कपडे धुवायला कोण तोंड बांधतं, येडे?"

खोलीतला टीव्ही बंद झाला. महिपतला कुणी काही विचारले नव्हते.

"आम्हाला मास्क दिलेले कंपनीनं," तो म्हणाला.

वर्षालीने प्रबंधासाठी भरलेला कलावतीचा फॉर्म काढला. 'कारखान्याशी संबंध' या शब्दांपुढे वर्षालीच्याच सुबक अक्षरात 'नाही' असे लिहिलेले होते. असा गेलेला श्वास परत येत नाही, हे ती परीक्षेत दोनदा लिहून आली होती. मोकळी सोडलेली ओळ तिने मोकळीच ठेवली.

पुढचे तीन दिवस ती त्याच दारांवर एकच नवा प्रश्न घेऊन गेली: घरातले कामाचे कपडे कोण झटकायचे, आणि कुठे? ज्या दहा जणींचे आकडे कमी होते, त्यांतल्या एकीला खरोखरच दमा होता आणि एकीच्या घरी कारखान्यात कुणीच नव्हते. उरलेल्या आठ जणींनी आधी वळून मोरीकडे पाहिले, मग उत्तर दिले.

वैशाली मॅडमनी त्या उत्तरांचा कागद पुष्कळ वेळ वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"यांना आपण धुळीपासून लांबची माणसं म्हणून धरलं," त्या म्हणाल्या. "विभागणीच चुकली आपली. सगळं पुन्हा मांडावं लागेल."

"हो मॅडम."

"वर्ष जाईल."

"जाऊ दे."

रविवारी सकाळी कलावतीने धुतलेल्या कपड्यांच्या बादलीला हात घातला, तेव्हा महिपतने ती आधीच उचललेली होती.

"ठेवा ती. गच्चीवर न्यायचीय, गॅलरीतल्या दोऱ्या भरल्यात."

"मग गच्चीवरच नेतोय."

"अन् चिमटे?"

"ते घे तू."

तो पुढे, ती मागे, असे दोघे जिना चढू लागले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मागचे पाऊल थांबले आणि धापेचा आवाज येऊ लागला. महिपत वळला. ते जुने वाक्य त्याच्या ओठांवर आले नाही. बादलीतून पाणी ठिबकून पायरीवर साचत होते. तरी ती खाली न ठेवता, कलावतीचा श्वास बसेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

ज्यांनी दुसऱ्याचे वाळवण स्वच्छ राहावे म्हणून आपले दार लावून घेतले, त्यांना उरलेला श्वास सुखाचा लाभो. आणि ज्यांना हे फार उशिरा उमगले, त्यांना जिन्यावर असे थांबण्याइतके आयुष्य मिळो.