छापील नळी आणि पांढरा रस्सा

माझा राग नाकावर असतो हे अख्ख्या कॉलेजला माहीत आहे. त्यामुळे त्या दिवशी मी आकाराममामांवर ओरडले याचं कुणाला नवल वाटलं नाही. लाज वाटली ती मलाच, आणि तीही जरा उशिरानं.

२००७ चा जानेवारी. मी कोल्हापुरात पीएच.डी. करत होते. आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माणसाचं हृदय म्हणजे एक साधी सरळ नळी असते. मग ती उजवीकडे वळायला लागते. का वळते? पोटात डोकावून बघता येत नाही, म्हणून तशीच नळी बाहेर बनवायचा मी घाट घातला. माणसाच्या पेशी आम्हाला कोण देणार? पण कोंबडीच्या पिल्लाचं हृदयही सुरुवातीला असंच असतं आणि असंच वळतं. मग जयसिंगपूरहून उबवणीची अंडी आणली आणि त्यातल्या हृदयाच्या पेशी सुट्या केल्या. शिवाजी पेठेत कार्ट्रिज भरून देणाऱ्या संग्रामनं भंगारातला एक प्रिंटर जुळवून दिला. शाईच्या जागी पेशी, कागदाच्या जागी मऊ, पारदर्शक जेल, आणि थरावर थर छापत नळी. सतरा नळ्या मेल्या. अठरावी धडधडायला लागली.

आणि नेमकी तेव्हाच फेलोशिप दोन वर्षं वाढवायची की बंद करायची, हे ठरवायला पुण्याहून तिघांची समिती येणार होती. बंद झाली तर चंदगडच्या शाळेत विज्ञान शिकवायला जायचं. पत्र पर्समध्येच होतं. शाळेत वाईट काही नव्हतं. पण ही नळी वळते का, हे बघितल्याशिवाय मला कुठंच जायचं नव्हतं.

एक वाजता लोडशेडिंग. नळीचा इन्क्यूबेटर विजेवर चालायचा. कॉलेजात इन्व्हर्टर एकच, आणि तो विभागप्रमुखांच्या पंख्याला जोडलेला. म्हणून समितीनं अकराला येऊन आधी नळी बघायची असं मी दहादा बजावलं होतं. समिती आली सव्वाबाराला. तरीही जमलं असतं. पण प्रयोगशाळेच्या दारात आमचे शिपाई आकाराममामा उभे होते, मुलगी बघायला पाहुणे आल्यासारखी पांढरी टोपी घालून.

"आदी जेवा, पावणं. एवढ्या लांबनं आलाय. उपाशी पोटी काळीज बघत्यात व्हय?"

"दहा मिनिटांत उरकू," माझे मार्गदर्शक सर म्हणाले. सरही कोल्हापूरचेच. इथं दहा मिनिटांत फक्त ताटं मांडून होतात. तांबडा रस्सा झाला, पांढरा झाला, मटण झालं. एक गृहस्थ शाकाहारी निघाले, तर त्यांच्यासाठी अख्खा मसूर तयारच होता. पंखे थांबले तेव्हा मामा तिसऱ्यांदा वाढत होते. मी दातओठ खात भाकरी मोडत राहिले.

सव्वादोनला इन्क्यूबेटर उघडला तर आत सव्वीस अंश. आरशाचा जुना मायक्रोस्कोप खिडकीशी उन्हात लावला आणि समितीच्या अध्यक्षबाईंना बसवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"काही हलत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाठवलेलं चित्रण मी बघितलं होतं. खरं सांगू? रस्त्यावरून ट्रक गेला तरी एवढं हलेल. असू दे, आपण कागद बघू."

त्या 'असू दे'नं माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत मी मामांना म्हणाले, "तुमच्या रश्श्यानं माझं वाटोळं केलं."

मामांनी टोपी काढली. "चुकलं, म्याडम," म्हणाले. मग जमिनीकडंच बघत, "पर ते मेलंय का गारठलंय? थंडीत पिल्लं अशीच पडत्यात. ऊब मिळाली की उठत्यात."

हे मला सुचायला हवं होतं.

"प्रयोगशाळेतली गॅसची टाकी कुठाय?" मी विचारलं.

"रश्श्याखाली नेलती. आत्ताच संपली."

"मग गरम काय आहे आता?"

"रस्साच की."

दुसरा इलाज नव्हता. पांढऱ्या रश्श्यात थर्मामीटर बुडवला, एकोणपन्नास. मामांनी तांब्यानं गार पाणी घालत घालत अडतिसावर आणला. नळीची काचेची बशी चिकटपट्टीनं बंद करून मी त्यावर तरंगत सोडली. शाकाहारी गृहस्थ खिडकीबाहेर बघत राहिले. अध्यक्षबाई घड्याळ घेऊन पातेल्याशी उभ्या राहिल्या.

आठ मिनिटांनी बशी पुसून पुन्हा मायक्रोस्कोपखाली. बाई वाकल्या.

"एक," बाई म्हणाल्या. बऱ्याच वेळानं, "दोन." मग त्यांनी मोजणं सोडून दिलं, कारण नळी सुरळीत चालायला लागली होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पण बाई उठल्या नाहीत. बशी गार होऊन नळी मंदावेपर्यंत, थांबेपर्यंत बघत बसल्या. "पुन्हा बुडवा," म्हणाल्या. पुन्हा चालली. पुन्हा गार, पुन्हा बंद. तीनदा असं झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला. "गारठली की थांबते, ऊब दिली की चालते. ट्रकला रस्सा लागत नाही." आणि सरांकडं वळून विचारलं, "हे आधी का नाही करून दाखवलंत?"

सरांनी माझ्याकडं बघितलं, मी मामांकडं. ते कोपऱ्यात पातेलं उचलत होते.

"मामा, माझं चुकलं," मी म्हटलं. "या, तुम्ही बघा."

अकरा वर्षं त्यांनी तो मायक्रोस्कोप रोज पुसला होता, पण त्यातून एकदाही बघितलं नव्हतं. एक डोळा गच्च मिटून ते वाकले. "व्हय की," एवढंच म्हणाले. पण हलेनात. शेवटी शाकाहारी गृहस्थांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बघायला आपला नंबर मागितला.

फेलोशिप वाढली. पुढच्या डिसेंबरात चौतिसाव्या नळीनं हळूच उजवीकडं कूस बदलली. त्या सकाळी मी सरांच्याही आधी मामांना हाक मारली. हात पुसत आले, एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं.

"आता पावण्यांना बोलवायचं न्हवं?" त्यांनी विचारलं.

"बोलवायचं," मी म्हटलं. "पण जेवण आधी."