कुवाबारांची लाल गाडी

"अहो, खिडकी तरी उघडा! वासानं डोकं उठलंय माझं."

"गार हवा आली की रंग बिघडतो," हे मान वर न करता म्हणाले.

शेवटी मीच जाऊन उघडली. आमचे हे, तेइझो नागाकुरा, शिझुओकातल्या, घरी जोडायच्या प्लॅस्टिकच्या मॉडेल-गाड्यांच्या एका कारखान्यात जन्मभर साचे घासत होते. साच्यावर एक ओरखडा राहिला तर तो हजारो खोक्यांतून गावोगाव जायचा, म्हणून ओरखडा दिसला की यांचा जीव वरखाली व्हायचा. निवृत्त झाल्यावर हे लोकांच्या अर्धवट राहिलेल्या गाड्या पुऱ्या करून द्यायला लागले. गिऱ्हाईक बहुतेक विधवा. नवरे जातात, खोकी मागे राहतात.

ही लाल रेसची गाडी कुवाबाराबाईंची. हातभर लांब, इंजिनात केसाएवढ्या वायरी, सीटचे पट्टे खऱ्या कापडाचे. काचा आणि चाकं तेवढी बसवायची राहिली होती. ती द्यायला आल्या तेव्हा बाईंनी चहाला हातसुद्धा लावला नव्हता.

"वर्षश्राद्धाला देव्हाऱ्यापुढे ठेवायचीय," त्या म्हणाल्या होत्या. "त्यांच्या हातचं दुसरं काही उरलं नाहीये हो माझ्याकडे."

आणि खोकं आमच्या हवाली करताना दोनदा थबकल्या होत्या.

त्या गाडीच्या बॉनेटवर अंगठा उमटलेला होता. ओल्या रंगात टेकलेला, रेघान् रेघ दिसत होती. तोच आता हे द्रावणात बोळा बुडवून पुसत होते.

"अहो, राहू द्या की तो," मी म्हटलं. "त्यांनी फक्त पुरी करून मागितलीय."

"फुसाए, तुला कळत नाही. मॉडेल करणाऱ्याला याच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट नाही. देव्हाऱ्यापुढे पाहुणे येणार, त्यातले चार जण याच नादातले असणार. वाकून बघतील आणि हसतील. तो बिचारा आता उठून सांगणार आहे का, की मी ते दुरुस्त करणार होतो म्हणून?"

"तुमचं मेलं ते गुळगुळीत!"

"त्याची अब्रू आहे ही," हे म्हणाले.

हे मनापासून बोलत होते. मेलेल्या माणसासाठी इतकं कोण करतं, असंही मला वाटून गेलं. मग यांनी सगळा रंग काढून बॉनेट पार पांढरं केलं, पुन्हा रंगवलं, घासलं, पुन्हा रंगवलं. पाठ धरली तरी उठले नाहीत.

बाई आल्या तेव्हा गाडी टेबलावर नुसती झळकत होती. त्यांनी तोंडावर हात धरला. इंजिन बघितलं, पट्टे बघितले. मग बॉनेटवरून एक बोट हळूच फिरवलं. पुन्हा फिरवलं. मान तिरकी करून उजेडात बघितलं.

"नागाकुरासान, इथं एक खूण होती ना?"

"होती!" यांचा चेहरा फुलला. "काढली मी ती. आता कुणी भिंग घेऊन बसलं तरी सापडायची नाही."

"हो," बाई म्हणाल्या. "सापडत नाहीये."

मी हळूच यांची बाही ओढली.

"त्या दिवशी त्यांचा हात फार थरथरत होता," बाई बॉनेटकडेच बघत सांगत होत्या. "अंगठा टेकला तर किती चिडले स्वतःवर! दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, ते परत आलेच नाहीत. मी आपली सकाळी खोकं उघडायचे आणि त्यावर माझा अंगठा ठेवायचे. बरोब्बर बसायचा."

मी चहाची किटली उचलली, पण ओतायचं सुचेना.

"मी... मला वाटलं..." हे कसंबसं म्हणाले.

"नाही, नाही. तुम्ही किती कष्ट घेतलेत!" बाईंनी घाईघाईनं कमरेत वाकून नमस्कार केला. "फार सुंदर झालीय. खरंच. इतकी सुंदर त्यांना जमलीच नसती."

त्यांनी स्वतःच झाकण लावलं, खोकं रुमालात बांधलं आणि टॅक्सीत मांडीवर घेऊन बसल्या. त्यांना पोचवायला आम्ही दोघं रस्त्यावर वाकून उभे राहिलो. टॅक्सी वळणाआड गेली, तशी मी सरळ झाले.

हे वाकलेलेच होते. शेजारची बाई सायकल थांबवून बघायला लागली. मी तिला हातानंच जा म्हटलं आणि पुन्हा यांच्या शेजारी वाकून उभी राहिले.